काट्यापाशी थांबलेल्या बाया

दिग्रस,
ता. ३ फेब्रुवारी २००५

चि. अश्वजित यास आजीचा जय भीम.

मी बोलून राह्यली, तुही माय लिहून राह्यली. पदरचं काही घालणार नाही म्हणाली, फक्त शिव्या गाळीन. तवा पत्र छोटं वाटलं तर समजून घे.

इकडे सारे बरे. कापसाची शेवटची वेचणी चालू हाये. शेजारच्या बिजलीबाईनं नवी म्हैस आणली, नाव ठेवलं सर्वर. खाते भारी, दूध देते बेतानं. तुह्या यवतमाळच्या हपिसातल्या सर्वरांची खबर तिले मीच दिली होती, म्हणून राग मानू नको.

तू सुट्टीत आलता तवा बांधावर बसून मले सारं समजावलं होतं. आमच्या बाया सापळ्यातली पाखरं मोजतात, ती मोजणी तुमच्याकडे जाते, अन् बोंडअळी कधी येईल त्याचा हिशोब सर्वर करतात. आता एक सॉफ्टवेअर आलं, एकच हिशोब साऱ्या सर्वरांत वाटून देणारं. ते विकत घ्यावं का नाही, हे साहेबांनी तुह्यावर सोपवलं. मी म्हटलं, हे तर वेचणीसारखं झालं. तू टेप काढला अन् माह्या तोंडासमोर धरला. "आजी, हेच परत बोल."

माह्या तोंडासमोर आजवर डॉक्टरनं थर्मामीटर धरलं, दुसरं कोणी काही धरलं नाही. मी पदर सारखा केला. टेपले पदर दिसत नाही, हे तू मागून सांगतलं.

परवा भैरवी आली, तुह्यासंगं काम करणारी. सापळे काढून न्यायले आलती. सॉफ्टवेअर घ्यायचं ठरतच आलं, सारा पैसा त्यात जाते, गावातली मोजणी परवडत नाही, म्हणून बंद. कौसल्याचं तोंड उतरलं. दर हंगामात सकाळी उठून तीच तर मोजते, अन् तिच्याच मोजणीवर मागच्या साली गावाले वेळेवर इशारा भेटला. मी तिले म्हटलं, "काहून घाबरतं वं? आमच्या अश्वजितनं माह्यं ऐकलं हाये."

भैरवी खुश झाली. म्हणाली, "ऐकलंच ना आजी. मीटिंगमध्ये तुमचाच आवाज वाजवला त्यानं. तुम्हाला ऐकवायला टेप आणली मी."

अंगणात साऱ्या बाया जमल्या. टेप लागली. "एका बाईच्यानं वावर होत नाही. दहा बाया लावा, ज्याची त्याची पात द्या, दुपारलोक वावर साफ." मग टाळ्या. साहेबलोकांच्या. मग नुसती खरखर.

कौसल्या म्हणाली, "आजी, काट्याचं कुठं गेलं? तुम्ही बोलल्या तवा मी बांधावरच होती ना."

काट्याचं नव्हतंच. कापूस तोलायचा काटा एकच असला तर बाया गाठोडं घेऊन काट्यापाशी उभ्या राह्यतात, दहाच्या वीस केल्या तर रांग वाढते, काम वाढत नाही, आधी काटा पाह्य मग बाया वाढव, हे मी बोलली होती. तू "वा आजी" म्हटलं होतं. तुहं "वा" पण कापलं तू.

भैरवीचा चेहरा पडला. मग खरं बोलली. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीवाल्यानं आपला नमुना चालवून दाखवला, तो झरझर झाला. तिनं आपल्या बोंडअळीचा हिशोब त्यावर लावला, तो होता तिथंच. कालचा हिशोब पुरा झाल्याशिवाय आजचा हलत नाही, सारे सर्वर काट्यापाशी उभे. हे तिनं तुलेच दाखवलं होतं म्हणे.

लहानपणी कापसाच्या गाडीत कोपरालोक हात घालायले मीच शिकवलं तुले. वरचा थर सारेच कोरडा ठेवतात, वजनासाठी आत ओला कापूस भरतात. तू हात घातला होता बाबू, ओल हाताले लागली होती, अन् तरी गाडी चांगली म्हणून सांगतलं. आता सॉफ्टवेअर येईन अन् मोजणी जाईन, म्हणजे गिरणी मोठी अन् दळण बंद.

कायले केलं, हे मी विचारलं नाही. भैरवीच बोलली, कंपनी तुले शिकायले बंगलोरले नेते. जा ना. मी डब्यात चिवडा भरून दिला असता. पण खोटं बोलायचं होतं तर तुह्या तोंडानं बोलायचं. माह्या कायले?

मले वाचता येत नाही. कागदावर कोणी फसवलं तर मी म्हणते, कागद माह्या वाट्याचा नव्हताच. बोलणं तेवढं माह्यं होतं. ते मी तुह्या हातात दिलं.

इथं तुही माय थांबली. म्हणते, हे गाळू का? मी म्हटलं, शिव्या गाळ, हे राहू दे.

सोमवारी शेवटची मीटिंग हाये म्हणे. तिथं पुरी टेप वाजव. नाही वाजवली तर पहिल्या एसटीनं मी अन् कौसल्या येऊन राह्यलो. भैरवीनं मीटिंगच्या खोलीलोक न्यायचं कबूल केलं. साहेबलोकांनी आवाजाले टाळ्या वाजवल्याच हायेत, तर आवाजाची बाईही पाहून घेतील.

तुही माय म्हणते, खाली अंगठा लाव. नाही लावत. अंगठा अनोळखी माणसासाठी असते. माह्या आवाजाची तुले ओळख असंल, तर पत्र कोणाचं ते समजंल.

अर्धं बोलणं तुह्याजवळ, अर्धं घेऊन बसलेली,
तुही आजी
पंचफुला