तुतीवरचा माझा काप

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, वीज खात्यातील निवृत्त लाइनमन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तपासून खाली तसे लिहिले आहे. यापूर्वीचे एकपानी मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण मुख्य गोष्टही नव्हती.

१. घराचा खालचा मजला मुलाला, वरचा मुलीला. जिना दोघांचा, त्यामुळे तो झाडायचाही दोघांनी. बँकेतील ठेव निम्मी निम्मी. भांड्याकुंड्यांवरून भांडण होईल असे मला वाटत नाही. झालेच तर भांडी शेजारी वाटून टाकावीत.

२. छाटणीची बाकदार करवत, मोठी कात्री, दोर आणि शिडी मुलीला. ती थोरली म्हणून नव्हे. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना ती पाते स्पिरिटने पुसून घेते, म्हणून.

३. ही शिडी शेजारच्या निवृत्त मास्तरांना कोणत्याही कारणासाठी देऊ नये. आमच्या लिंबाच्या फांद्या कुंपणापलीकडे गेल्या की मास्तर त्या कोयत्याने हाणतात आणि हातभर थोटके ठेवतात. अकरा वर्षे सांगून झाले, पालथ्या घड्यावर पाणी. लिंबे मागितली तर मात्र द्यावीत.

४. परसातल्या तुतीविषयी. एकवीस वर्षांपूर्वी या झाडाची फांदी माझ्या पत्नीच्या उजव्या खांद्यावर पडली. ती घरी शिवणकाम करायची. तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. कापड बेतायची कात्री तिला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी डाव्या हातात धरायला शिकावी लागली. मी सगळ्यांना सांगितले, वारा होता. वारा होता हे खरे, पण त्या वाऱ्यात दोरीवरचा एक कपडाही उडाला नव्हता.

खरे असे आहे. त्याच्या सहा वर्षे आधी मी त्या तुतीच्या जाड फांद्या मधूनच सपासप तोडल्या होत्या. तारांखालची झाडे आम्ही खात्यात तशीच बोडकी करायचो. मला ‘करवत्या’ म्हणत आणि मी त्यावर फुशारत असे. पत्नीने विचारले होते, एवढे कशाला कापता? मी म्हणालो, झाडातले मला शिकवू नकोस. तशी तोडलेली फांदी थोटकावरून सरळसोट फुटवे काढते. ते भराभर वाढतात, फांदीसारखे दिसतात, पण त्यांची पकड वरवरची असते आणि खाली थोटूक कुजत जाते. त्यातलाच एक, मांडीएवढा झालेला, तिच्यावर आला. पडलेल्या फांदीचे बूड मी पाहिले. आत नुसता भुसा होता. मुले दवाखान्यातून परतण्याआधी मी त्याचे तुकडे करून टाकले.

पत्नीला मी सांगितले. ती म्हणाली, “मुलांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती चहाडी होईल.” ती चार वर्षांपूर्वी गेली. तोवर तिने हा विषय पुन्हा काढला नाही आणि मी सांगितले नाही.

५. त्यानंतर मी रोपवाटिकेतल्या बाईंकडे जाऊन पहिलीपासून छाटणी शिकलो. त्यांनी माझ्या हातातली करवत पाहून ती आधी खाली ठेवायला लावली. जे शिकलो ते असे. पाने गळल्यावर छाटावे. आधी वाळलेले, मग किडलेले, मग एकमेकांवर घासणारे. एका वर्षात चौथाईहून जास्त नाही. जड फांदीला पहिला काप खालून अर्धवट, दुसरा थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना साल सोलून नेत नाही. उरलेले थोटूक शेवटी. तो शेवटचा काप फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते तिच्या अगदी बाहेरून. वळीला धक्का लागता कामा नये. जखमेवर डांबर फासू नये. झाड आपली जखम आपण मिटवते, त्याला फक्त वेळ द्यावा. तुती सुधारायला मला बारा हिवाळे लागले.

६. मुलगा एकवीस वर्षे परसात पाऊल टाकत नव्हता आणि झाड तोडा म्हणत होता. जुन्या मृत्युपत्रात मी त्याला झाडाला हात लावायची मनाई केली होती. आता तसे करणे मला शोभत नाही. मेल्यावर वकिलाच्या तोंडून खरे सांगणे हा पळपुटेपणा, म्हणून परवा रविवारी दोघांना बसवून चौथे कलम मीच वाचून दाखवले. मुलगी रडली. मुलगा उठला आणि परसात गेला. मी काठी टेकत मागे गेलो.

“कुठला काप, बाबा?” त्याने विचारले. मी दाखवला. कडेने साल आत वळत आली आहे, मध्ये पेलाभर खळगा उरला आहे.

तो त्याकडे बघत म्हणाला, “त्या दिवशी मी वरून हाक मारली होती. माझा निळा शर्ट कुठंय म्हणून. आई उत्तर द्यायला इथं थांबली. मी समजत होतो, माझ्यामुळे झालं.”

तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आज छत्तीसचा आहे. माझ्या गप्प बसण्याचे काय काय झाले ते मला त्या वेळी कळले.

मी म्हणालो, “तू हाक मारली नसतीस तरी ती फांदी पडणारच होती. ती मी सहा वर्षं आधीच तोडली होती.”

म्हणून माझी अखेरची इच्छा अशी. तुती मी मुलाच्या स्वाधीन करतो. ठेवावी की तोडावी, ते त्याने ठरवावे. बहिणीने हट्ट धरू नये. मात्र तोडायची झाल्यास कारण दुसरे शोधावे. आईचा हात हे कारण यापुढे कोणी सांगायचे नाही, त्याचा दोष ना झाडावर टाकायचा, ना स्वतःवर. ते माझ्या नावे लिहिले आहे आणि माझ्याच नावे राहील.

वरील मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला, त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही : लाइनमन, ऊर्फ करवत्या

साक्षीदार १ : डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. (लिहिणारे पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब त्यांच्या वयाला उत्तम.)
साक्षीदार २ : रोपवाटिकेच्या मालकीणबाई. (पाचवे कलम तपासले. बरोबर आहे.)

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी साडेदहा