आई, रात्रीची भाकरी सोडू नकोस

सांगली

तीर्थरूप आईच्या पायांवर डोकं ठेवून वैजूचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मंगलवहिनी, सावकाश वाचून दाखव.

मी आजारी नाही. घरात भांडणही नाही. आपला धाकटा मल्हार इकडं आला तेव्हा मी थोडंसं खाऊन उठले, तर म्हणाला, "अक्का, एवढ्यावर हात धुतलास व्हय? दाजी काय बोलल्यात का?" मी हसून टाळलं, आणि त्यानं तिकडं तुला घाबरवलं.

वजनामुळे माझी साखर वाढली, गुडघेही गेलेत. डॉक्टरांनी ऑपरेशनशिवायचे उपाय सांगितले: गोळ्या, काही महिने पोटात ठेवायचा फुगा, नाहीतर दर आठवड्याला इंजेक्शन. मी इंजेक्शन घेते. त्यानं भूक कमी होते. मळमळतं, पण थोडंच.

सांगायची लाज वाटली. मेंढरांमागं हिंडताना तू आधी आम्हाला वाढलंस, उरलं तर खाल्लंस. तुझ्या लेकीनं भूक मारायला औषध घ्यावं, हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

आता वहिनीकडून कळलं, मी पोटभर जेवेपर्यंत तू रात्रीची भाकरी सोडलीस, तेही बिरोबाला नवस बोलून. या वयात? चक्कर येत होती म्हणे, अजून येते का गं?

आई, माझं पोट आता अर्ध्या भाकरीत भरतं. खरंच भरतं. म्हणजे तुझं बोलणं पुरं झालं. देवाला हे पटेल का, मला माहीत नाही. तू विचारून बघ.

पण आज रात्री जेव, आणि वहिनीला कळवायला सांग. गुरुवारचं इंजेक्शन फ्रिजमध्ये आहे. तू उपाशी असताना ते टोचून घ्यायला माझा हात धजणार नाही.

तुझीच,
वैजू