माझी हाडं कुठे ठेवायची

मी पेसक, समरकंदच्या नाफनाचा थोरला मुलगा, राहणार गाओचांग, पूर्ववेशीजवळ, धंदा द्राक्षमळा आणि मद्य, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. पाय गेलेत, पण या कामाला ते लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारी तीन वर्षांपूर्वी गेली.

कलम पहिलं. घर, मळा आणि मद्याचे रांजण मुलगी मीशी हिला. जावयाने मद्यात पाणी घालू नये. हे तोंडावर सांगून झालं आहे, आता लेखी.

कलम दुसरं. उंट धाकटा भाऊ ताखसीच याला. दोघंही कोणाचं ऐकत नाहीत, त्यांचं जमेल.

कलम तिसरं, म्हणजे वादाचा विषय, मी स्वतः. आमच्या बापजाद्यांच्या रीतीने मेलेल्याला मातीत घालत नाहीत, माती विटाळते. प्रेत उघड्यावर ठेवतात आणि उरलेली हाडं भाजलेल्या मातीच्या पेटीत. ताखसीचने माझ्यासाठी पेटी करूनही घेतली आहे. माझी बायको आ-युन मात्र इथली, चिनी. तिच्याकडे नवराबायको एकाच थडग्यात निजतात. जाताना म्हणाली, "डावीकडची जागा धरून ठेवते. उशीर करा, पण या."

ताखसीच म्हणतो, "दादा, मातीत गेलास तर तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. बाबांना वर काय तोंड दाखवशील?" तो बोलतो तसं करतो.

हाच वाद मी आ-युनशी लग्नाच्या पहिल्या वर्षी घातला होता. थंडी यायची होती, म्हणून आम्ही वेली मांडवावरून उतरवून मातीखाली पुरत होतो, नाहीतर त्या गारठून मरतात. ती म्हणाली, "अहो, इतक्या वेली पुरता, तेव्हा नाही वाटतं माती विटाळत?" मी म्हणालो, वेली वसंतात परत काढतो. "मग मलाही बघा काढता आलं तर," म्हणाली आणि माती ओढू लागली. मीही तिच्या शेजारी माती ओढू लागलो. त्या वेली अजून फळतात.

सबब मला तिच्या डावीकडे ठेवावं. इथल्या रीतीचे कागदी जोडे पायांत घालावेत, आणि वाटण्या झाल्यावर ते याच मृत्युपत्राचे कापावेत. म्हणजे भांडायला कागद उरणार नाही.

मात्र उचलण्याआधी, बाबांच्या रीतीने, कुत्र्याची नजर माझ्यावरून जाऊ द्यावी. त्या नजरेने प्रेताजवळची भुतं पळतात, त्याशिवाय जायची मला भीती वाटते. कुत्रा ताखसीचकडे आहे. ताखसीच आला नाही तर गल्लीतला कोणताही चालेल, पण मला वाईट वाटेल. मेल्यावर वाटतं का ते ठाऊक नाही. आत्ता वाटतं आहे.

पेटी चांगली घडवली आहे, मोडू नये. मीशीने तीत बेदाणे ठेवावेत.

गाओचांग, यानशौ राजवर्ष अकरावं, आठवा महिना, द्राक्षं उतरवून झाल्यावर. खाली सर्वांनी सहीऐवजी बोटाच्या पेरांच्या खुणा केल्या आहेत.

पेसक.

साक्षीदार झांग शानशी, शेजारी. वाचून दाखवलं, ऐकलं.

साक्षीदार ताखसीच, भाऊ. खूण केली. पटलेलं नाही. पेटीत बेदाणे ठेवू नयेत. कुत्रा मी आणीन.