खारूताईचा साचा

३ जून
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलतीच खूश आहे. आजवर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता मुलांचे मुखवटे रंगवायचे! डोक्यात गाठ असलेल्या मुलांना किरणं देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवतात. प्लॅस्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करायची, चेहऱ्यावर दाबायची, गार झाली की झाला साचा. मुलं घाबरू नयेत म्हणून मी त्याचा वाघ करायचा, ससा करायचा, म्हणाल ते करायचं. इस्पितळात आमची खोली तळमजल्यावर, मुलांचा वॉर्ड वर. साचेवाले काका तोंडातून अक्षर काढत नाहीत, पण चहा न मागता देतात.

९ जून
शाळेला सुट्टी, म्हणून लेकीला, आमच्या टिंगूला, कामावर नेलं. तिनं हट्टच धरला, मलाही मुखवटा हवा. काका जेवायला गेले होते. मी तिच्या चेहऱ्यावर साचा काढून खारूताई रंगवली. काका परत आले आणि भडकलेच. धडधाकट पोराचा साचा इथं कधी कुणी काढत नाही म्हणाले. मी हसण्यावारी नेलं, खारूताई खुंटीला टांगली.

१७ जून
वाघवाला मुलगा गेला. मिशा अजून मोठ्या कर, असं कालच सांगत होता.
खुंटीवरच्या खारूताईचे गाल फुगलेत. औषधांनी इथल्या मुलांचे फुगतात तसे. काकांना दाखवले, तर त्यांनी नजर चुकवली.

२६ जून
टिंगू सकाळी उठली की ओकते. चालताना भिंत धरते. तिचे बाबा म्हणतात, अपचन आहे, तुला जिथं तिथं तेच दिसतं. तसंच असू दे.

४ जुलै
गाठ. मेंदूत, खोल. कापता येणार नाही—
डॉक्टरीणबाई माझा हात धरून बोलत होत्या. मला पुढचा एक शब्द ऐकू आला नाही.

२० जुलै
औषधांनी टिंगूचे गाल फुगले. किरणांसाठी खारूताईच चढवली, तंतोतंत बसली. काका भिंतीकडे तोंड करून रडले.

२ ऑगस्ट
साच्याचे गाल आत गेलेत. वर वॉर्डात टिंगूचे अजून गोल आहेत. अजून—

३ ऑगस्ट
गरम पाण्यात टाकला की साचा मोडतो, पुन्हा कोरी शीट. काका नको नको म्हणत होते, त्यांना बाहेर काढून कडी लावली. साचाच नसेल तर माझ्या पोरीला कोण नेणार—
टाकला. कान गेले. गाल गेले—
वर धावपळ. सिस्टर जिन्यावरून मला हाका मारतेय, टिंगूला श्वास घेता येईना—
काढते, बाहेर काढते— नाक कुठंय, चिमट्यात नुसतं सपाट—