फिनलंड एंडकडून नवीन ओव्हर

जुईनगर गावठाण, नवी मुंबई
शनिवार, दुपारचं जेवण झाल्यावर

प्रिय मित्र कासिम यास,

हिरामणचा रामराम आणि सलाम. दोन्ही एकाच पाकिटात घातलेत, जो आधी हाताला लागेल तो घे.

तुझा गुडघा कसा आहे? आबिदाभाभींची शुगर ताब्यात आहे ना, की तू त्यांच्यासमोर बसून खजूर खातोस आणि त्यांना नुसतं बघायला लावतोस? टीव्हीवर मस्कतच्या उन्हाची बातमी आली की विमल म्हणते, "कासिमभाई पार सुकलं असतील." (हे ती दोरीवरच्या बोंबलांकडे बघत म्हणते, पण मनात काही नसतं.) आमच्याकडे सगळं ठीक. आमच्या पोरीला, निशिगंधाला, सीवूड्सच्या एका ऑफिसात नोकरी लागली. माझं ब्लडप्रेशर डॉक्टर म्हणतात चांगलं आहे, फक्त मॅचच्या दिवशी मोजू नका. तुझा शोएब सुट्टी संपवून परत निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि सुकटीचं पाकीट पाठवतो आहे. पाकिटाला चार पिशव्या घातल्यात, तरी विमानात कुणी नाक मुरडलंच तर शोएबने ओळख दाखवू नये असं त्याला बजावलं आहे. तू म्हणशील, व्हॉट्सअ‍ॅप असताना कागद कशाला? तर गेला महिनाभर मी माणसाची माहिती गुप्त कशी राहते याचा इतका अभ्यास केलाय की आता फोनवरून विमलला भाजी कुठली आणू हे विचारायचीही मला भीती वाटते.

या सगळ्याला तू जबाबदार आहेस. मागच्या खेपेला तू आलास तेव्हा तळोज्याला तुझ्या घरी, भर जेवणात, चार पाहुण्यांसमोर मला म्हणालास, "हिरामण, लोक तुझी कॉमेंट्री म्यूट करून मॅच बघतात. मी पन तेच करतो." सगळे हसले. मीही हसलो आणि तुझ्या ताटातली नळी उचलली, त्यामुळे तुला वाटलं असेल हिशोब फिटला. फिटला नव्हता. परत येताना रिक्षात मी तोंडातून शब्द काढला नाही, आणि मी गप्प आहे हे बघून विमलने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. कासिम, आपण कंपनीच्या टीममधून खेळायचो, तू विकेटकीपर आणि मी बारावा खेळाडू, तेव्हापासून मला एवढीच गोष्ट येते. बॅट नाही, बॉल नाही, तोंड. गावच्या टेनिस बॉल चषकाचा माइक मी धरला तेव्हा तुझ्या-माझ्या दोघांच्याही डोक्यावर केस होते. तू टेबलापाशी येऊन पाणी द्यायचास आणि कानात सांगायचास की पुढच्या ओव्हरला फलाण्या बॅट्समनच्या आजोबांचं नाव घे, म्हातारा मंडपात बसलाय. मग म्हातारा खूश, बॅट्समन खूश, आणि पुढच्याच बॉलला बोल्ड.

तर तुझं ते वाक्य घशात अडकलेलं असतानाच कमिटीची मीटिंग झाली. आमचे अध्यक्ष देवजीशेठ (बिल्डिंगींचं काम करतात, आवाजही तसाच) यांनी विषय काढला की मॅच आता इंटरनेटवर लाइव्ह जाते, तर माइकवर नवीन माणूस हवा. नवीन माणूस म्हणजे मिथुन, त्यांच्या बहिणीचा मुलगा, इंग्रजी शाळेतला, बॉल बॅटला लागला की 'ओ माय वर्ड' म्हणतो. मी म्हणालो, शेठ, लोक माझा आवाज ऐकायला बघतात. शेठनी लाइव्हवाल्याकडून गेल्या वर्षीची यादी मागवली, कुठल्या देशातून किती जणांनी बघितलं त्याची. एकच ओळ होती: भारत. (तू तेव्हा सुट्टीवर तळोज्यात होतास, म्हणजे तूही भारतच.) शेठ म्हणाले, "पलीकडच्या गावाची मॅच दुबईन बघतान. आपली कोन बघतंय? यंदा बाहेरची मानसा दिसली तर माइक तुझा, नाय तर मिथुनचा." एवढं साधं. माझा माइक आता परदेशी माणसांच्या हातात होता, आणि परदेशात मी ओळखतो असा एकच माणूस म्यूट करून बघतो.

निशिगंधाच्या ऑफिसात व्हीपीएन नावाचा प्रकार आहे. ती एकदा जेवताना सहज म्हणाली की ते चालू केलं की फोन असतो जुईनगरला, पण इंटरनेटला वाटतं आपण जर्मनीत आहोत. पुढे ती सुरक्षिततेबद्दल बरंच काही चांगलं सांगत होती, पण माझा हात भातातच थांबला. मला जर्मनी दिसली होती. माणसं आणायची गरजच नाही, आपणच जायचं. एका जागी बसून, एकेका देशातून स्वतःचीच मॅच बघायची.

आता असं व्हीपीएन देणाऱ्या कंपन्या किती असाव्यात? आमच्या गावात लग्नाला जेवढे बँडवाले अर्ज करतात त्याहून जास्त. चषकाआधी आपण खेळाडूंचा लिलाव करतो, तसा मी यांचा लिलाव मांडला. वेग किती, देश किती, एकदा पैसे भरले की किती फोन चालतात, पसंत नाही पडलं तर पैसे परत देतात का. सगळ्यांची नावं ढाल, भूत आणि भुयार यांच्यावरून ठेवलेली, लक्षात राहीनात, म्हणून मी आपली नावं दिली. 'सलामीवीर' जोरात सुरू व्हायचा आणि पाच मिनिटांत गोल गोल फिरत बसायचा. 'नाइट वॉचमन' काहीच करायचा नाही, पण बंदही पडायचा नाही. 'ऑलराउंडर'कडे सगळं होतं आणि तो किमतीवरून ते सांगतही होता. कुठला चांगला हे वाचायला गेलो तर 'दहा सर्वोत्तम' अशा याद्या शेकड्यांनी, प्रत्येक यादीत पहिला नंबर वेगळा, आणि प्रत्येक पहिल्या नंबराखाली 'सवलत फक्त आज' असं लाल बटण. (मी आठवडाभर रोज बघितलं. ते 'आज' संपतच नव्हतं.) मासळीबाजारात ज्या बाईसमोर उभं राहावं तिचंच पापलेट तेवढं ताजं असतं, तसं. शपथ मात्र सगळ्यांची एकच: आम्ही तुमची कुठलीही नोंद ठेवत नाही. हे सांगून लगेच नाव, ईमेल, मोबाइल आणि कार्डाचा नंबर विचारायचे. एकात 'किल स्विच' आहे असं लिहिलं होतं, त्याला मी घाबरून बादच केलं. नंतर निशिगंधाने सांगितलं की व्हीपीएन मध्येच तुटलं तर तो इंटरनेटही बंद करतो, म्हणजे आपण उघडे पडत नाही. विमल म्हणाली, असा स्विच तोंडाला लावायचा मिळतो का ते बघा.

आधी मी फुकटातलं घेतलं. (हसू नकोस, तूही तेच केलं असतंस.) फोन इतका तापला की त्यावर पापड भाजला असता. जाहिराती कुठल्या भाषेत यायला लागल्या कोण जाणे, पण एका बाईने मला रोज सकाळी बर्फ काढायचं फावडं विकायचा प्रयत्न केला. विमल नेरूळला भाजी घेत होती आणि मी घरून माझ्या फोनवरून भाजीवाल्याला पैसे पाठवत होतो, तेवढ्यात बँकेने व्यवहार अडवला, कारण त्यांच्या मते मी स्वीडनमध्ये होतो. भाजीवाल्यासमोर तिने मला फोन करून विचारलं, "तुमी नक्की खय हाव?" मी संडासात होतो. ते तिला पटायला वेळ लागला.

यात एक गंमत अशी झाली की गुप्त राहायचं सामान निवडण्यासाठी मी गावात भेटेल त्याला सल्ला विचारत होतो. मोबाइलवाला, चहावाला, न्हावी, सगळ्यांना. न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारलं, "काका, कोनापासून लपताव?" संध्याकाळपर्यंत गावाने ठरवलं की हिरामणचं बाहेर काहीतरी आहे. कुणी म्हणालं जमिनीचा व्यवहार, कुणी म्हणालं बाई. दोघीजणी तर येऊन विमलला धीर देऊन गेल्या, आणि विमलने त्यांना चहा पाजून सांगितलं की यांच्याकडे बाई येऊन करील काय, ऐकतच बसावं लागंल. अख्ख्या गावात माझ्याइतका उघडा माणूस त्या महिन्यात दुसरा नव्हता.

शेवटी ऑलराउंडर घेतला, कारण त्याच्याकडे देश सगळ्यात जास्त होते. यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. आइसलँड होतं, पेरू होतं, मी कधी नावही न ऐकलेली दोन बेटं होती. ओमान तेवढं नव्हतं. म्हटलं बरंच झालं, तुझ्या मस्कतला यायची मला हौस नव्हतीच.

मग मॅचचा दिवस. माइक उजव्या हातात, फोन टेबलाखाली डाव्या हातात. एक ओव्हर संपली की देश बदलायचा, असा माझा नियम. जर्मनी, पेरू, जपान, व्यवस्थित चाललं होतं. पण दोन कामं एकाच डोक्याने करायची म्हणजे सांडणारच. मी ऐन भरात जाहीर केलं की आता फिनलंड एंडकडून नवीन ओव्हर. मंडपातल्या लोकांना वाटलं, फिनलंड म्हणून कुणी नवीन स्पॉन्सर आलाय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे तर कहर झाला. फोनचा आवाज माझ्या अंगठ्याने चुकून चालू झाला. लाइव्ह अर्ध्या मिनिटाने मागून येतं, हे मला कोण सांगणार? मला ऐकू आलं की टेबलाखालून कुणीतरी माझीच नक्कल करतंय. मी चिडून माइकवरच म्हणालो, कोण आहे तो, मध्ये मध्ये बोलू नका. अर्ध्या मिनिटाने त्याने मला तेच सांगितलं. मी म्हणालो, तुम्हाला क्रिकेटमधलं कळतं का? त्यानेही विचारलं. कासिम, आम्ही दोघे जवळजवळ एक ओव्हर भांडलो, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच मला माझी कॉमेंट्री बाहेरून ऐकायला मिळाली. माणूस फार बोलतो.

पण डाव यशस्वी झाला. लाइव्हवाल्याची यादी आली तर पानभर देश. देवजीशेठनी मला मिठी मारली, चौकात बॅनर लागला, 'जगभर गाजलेला आपला चषक', खाली झेंडे (त्यातला एक उलटा), मधोमध शेठ हात जोडून आणि कोपऱ्यात स्टॅम्पएवढा मी. दोन दिवस मी त्या चौकातून विनाकारण ये-जा केली. तिसऱ्या दिवशी कमिटी बसली. शेठ म्हणाले, "हिरामन, आपली मॅच आता फॉरेनान बघतान. त्यांना आपली भाषा कशी कललं? आता इंग्लिशच पायजे." आणि माइक मिथुनला दिला. माझ्या पेरू-जपानने मला घरी बसवलं. बोलायची सोय नाही, कारण ते सगळे देश मीच होतो हे सांगावं तर बॅनर खोटा, आणि बॅनरवर शेठ आहेत. मला अगदीच सोडलं असं नाही. मैदानाच्या तोंडाशी कुणी गाडी लावली तर 'पांढरी गाडी बाजूला घ्या' एवढं मराठीत सांगायचं काम माझ्याकडे ठेवलंय.

म्हणून तुझ्याकडे एकच काम. तू खरोखरचा परदेशी आहेस. चॅनेलवर मस्कतहून एक कमेंट टाक, की आम्हाला हिरामणचीच कॉमेंट्री पाहिजे, आमच्या भाषेत पाहिजे. मॅच बघितली नाहीस, हे कुणी विचारणार नाही. भाभींना नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुझा,
हिरामण
(माजी आवाज)

ता.क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात निशिगंधा ऑफिसातून आली. बॅनर लागल्यापासून तिला संशय होताच. तिने ती यादी माझ्यासमोर धरून विचारलं, "पप्पा, हे सगळे तुमीच ना? प्रत्येक देश एक ओव्हर बघून निघून गेलाय." मी कबूल झालो. ती हसून हसून खुर्चीत बसली. मग यादीच्या तळाशी बोट ठेवून म्हणाली, "आणि ओमानला कुठल्या ओव्हरला गेला होतात? हा एकटा पहिल्या बॉलपासून बक्षीस समारंभापर्यंत बसलाय."

मी ओमानला गेलो नव्हतो, कासिम. माझ्या ऑलराउंडरकडे ओमान नाहीच. त्याची यादी मी दोनदा वाचली होती, तिसऱ्यांदा निशिगंधाने वाचली.

आणखी ता.क. कमेंटचं राहू दे. मिथुन चांगला मुलगा आहे, शिकेल. एवढंच सांग की आवाज चालू होता का. खोटं बोलू नकोस म्हणून सोपी परीक्षा घेतो. सेमीफायनलला समोरच्या टीमच्या कीपरच्या हातून झेल सुटला, तेव्हा मी तळोज्याच्या एका कीपरबद्दल माइकवर एक वाक्य बोललो होतो. ते काय होतं, लिहून पाठव. उत्तर आलं नाही तर समजेन की म्यूट होतं, आणि तरी माझी तक्रार नाही. बक्षीस समारंभापर्यंत तू बसलास, तो तर आमच्या गावातही कुणी बघत नाही.