आपल्या घराचं सांग

३ तारीख, सोमवार

नोकरी लागली, आणि तीही सावलीतली. दोन वेळचं जेवण, वेगळी खोली, खोलीला स्वतःची खिडकी. याआधी गोदामात पोती उचलली, बेकरीत भाजून घेतलं, गाड्या धुतल्या. कुठेच टिकलो नाही. आई म्हणते, हा पायाला भिंगरी लावूनच जन्मला. इथे मात्र टिकणार.

आजींना विसरायचा आजार आहे. शिवणकाम करायच्या, अर्ध्या गल्लीच्या अंगावर त्यांच्या हातचे कपडे असायचे म्हणे. त्यांची मुलगी, ताई, दुसऱ्या शहरात असते. निघताना तिने एकच गोष्ट बजावली. आजींना नाही म्हणायचं नाही. चूक काढायची नाही, वाद घालायचा नाही, त्या ज्या काळात असतील तिथे आपण जायचं. नाहीतर त्या घाबरतात, जेवण सोडतात. मी म्हटलं, ताई, आजवर मालकांना हो म्हणूनच पोट भरलंय, यात नवीन काय. ती हसली.

आजी काय जेवल्या, झोपल्या का, ते लिहायला वही दिली आहे. मी माझं मागच्या बाजूने लिहितो. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचणार कोण.

५ तारीख, बुधवार

आजी मला धाकट्या म्हणतात. धाकट्या म्हणजे त्यांचा मुलगा. माझ्याएवढा असताना कामासाठी लांब गेला तो परत आलाच नाही, ताई फोनवर म्हणाली. मी ओ देतो. पहिल्यांदा जीभ अडखळली, आता नाही. खरं सांगायचं तर बरं वाटतं. या गावात दुसरं कोण हाक मारतंय? कोपऱ्यावरचा दुकानदार मला शुक शुक करतो.

डॉक्टर येऊन गेला. हसरा माणूस. या आजारावर रामबाण औषध नाही, म्हणाला, पण रोज चालवा, रक्तदाब सांभाळा, कानाचं यंत्र लावा, हातांना काम द्या, आणि मुख्य म्हणजे बोलत राहा. एकटं पडलेलं माणूस लवकर विझतं. मनात आलं, हे फक्त म्हाताऱ्यांनाच लागू आहे का. विचारलं नाही.

९ तारीख, रविवार

आजींनी धाकट्यासाठी शर्ट शिवला. आज वार कोणता ते सांगता येत नाही, पण सुईत दोरा पहिल्या झटक्यात. मी घातला तर बाह्या मनगटाच्या वर, छातीवर बटण लागेना. बसला ना नीट, म्हणाल्या. हो आजी, मापात आहे, म्हटलं. तर रागावल्याच. आजी काय म्हणतोस मेल्या, आईला आई म्हणायला लाज वाटते? मग म्हटलं आई.

दुपारी म्हणाल्या, आपल्या घराचं सांग. आता मला त्यांच्या घराचं काय ठाऊक? पण माहीत नाही असं म्हणायची सोय नाही. म्हणून माझंच सांगितलं. बसमधून उतरलं की चक्की, तिच्या धडधडीला मी घाबरायचो. पुढे शाळेची भिंत. मग आमचं दार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

१४ तारीख, शुक्रवार

आजी बागेपर्यंत चालत जातात आता. वाटेत रोज नवं काहीतरी सांगावं लागतं. बाबांची सायकल सांगितली. बहिणीचा हात भाजला ते सांगितलं. सांगून झालं की रिकामं रिकामं वाटतं, पोतं पालथं केल्यासारखं. मन मोकळं होतं ते हेच असेल.

१९ तारीख, बुधवार

डॉक्टर चाटच पडला. आजींनी वार सांगितला, गोळ्या ओळखल्या. मग आपण होऊन त्याला चक्कीचं सांगितलं. हा इतका घाबरायचा की माझ्या मांडीत तोंड खुपसायचा. डॉक्टरने माझी पाठ थोपटली.

मांडीचं मी सांगितलं नव्हतं. खरं आहे, पण सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांना कापड कापायचं ते द्यायला उठलो. दोन पात्यांचं. नाव आठवेना. कात्री रे, आजी म्हणाल्या, किती प्रेमाने.

२३ की २४

बहिणीचा कोणता हात भाजला होता? सकाळपासून आठवतोय. शेवटी आजींना विचारलं. उजवा, म्हणाल्या. मशीनवरून मान वर केली नाही.

तो शर्ट परत घातला. बसला. बटणं, कॉलर, मनगट, सगळं. माझा जुना शर्ट अंगात लोंबतो. माणूस वाळतो, मान्य. पण हात आखूड होतात?

बहुतेक गुरुवार

आईला फोन केला. मी बोलतोय म्हटलं. तिने विचारलं, आपण कोण बोलताय. मला. आपण.

नाव सांगितलं. म्हणाली, आमच्या पोराचा आवाज असा नाही. बरेच दिवस त्याचा फोन नाही हो. तिकडेच असतो, भेटला तर सांगा आई वाट —

पुढे ऐकवेना. ठेवला.

तारीख राहू दे

ताई आली. म्हटलं, मी घरी चाललो. तिने माझी कॉलर सरळ केली. कुठलं घर रे धाकट्या, म्हणाली. हळू आवाजात. नाही म्हणाली नाही. वाद घातला नाही. जा हं, म्हणाली, जेवून जा. मग आत वळून — आई, हा परत घराचं विचारतोय.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, बसव त्याला. सूप आणते.

आई नाही. आजी. आजी म्हणाल्या.

दुपार

दाराबाहेर गेलो होतो. बस कुठल्या बाजूला — परत आलो.

आजींना माहीत आहे. सगळं आहे त्यांच्याकडे, जसंच्या तसं. समोर बसून शर्टाच्या बटणांची काजं करताहेत. विचारणार नाही. विचारलं तर सांगतील, आणि मी हो म्हणेन.

लिहून ठेवतो. उतरलं की चक्की. चक्कीनंतर भिंत. शाळेची. भिंत संपली की आमचं दार. दाराला रंग —

थांब. येईल.

रंग होता. बाबांनी दिला होता, ब्रश माझ्या हातात, आणि आई दारात उभी, आईचा चेहरा —