बिनधुराच्या गाडीतून झाबेलकडे

फ्रेस्नो, सोमवार

तीर्थरूप सिरवार्त आक्का,

धाकट्या अर्शावीरचा नमस्कार. ग्लेंडेलला तुझे गुडघे आणि तुझे शेजारी कसे आहेत? (गुडघ्यांची काळजी वाटते, शेजाऱ्यांची कीव येते.) अक्षर मोठं आलंय, रागावू नकोस. डोळ्यांपायी माझं लायसन्स गेलं हे तुला ठाऊकच आहे.

तेव्हापासून एकच घोर लागलाय, दर रविवारी तुझ्या भावजयीच्या, झाबेलच्या, थडग्याशी जायचं कसं? तुझा गारो म्हणाला, "मामा, तुमच्याच जुन्या गाडीला यंत्र बसवतो, आपली आपण चालेल." वाहन खात्यात विचारलं तर तिथली बाई म्हणाली, "आजोबा, आता बिनचालकाची गाडी बिनधुराचीच हवी. माणूस चालवत असेल तर सोडू दे धूर." म्हणजे बघ, मला दिसत नाही म्हणून मी चालवायची नाही, आणि गाडीला दिसेल, तर ती धूर सोडते म्हणून तिनं चालायचं नाही. (आपले बाबा द्राक्षमळ्यात जन्मभर सिगारेट ओढत ट्रॅक्टर चालवायचे, त्यांना कुणी हटकलं नाही.)

शेवटी काल गारोनं विजेवरची बिनचालकाची टॅक्सी मागवली. मी बसलो, आणि त्याच्या बायकोनं, शुशाननं, निघालेला माणूस सुखरूप परत यावा म्हणून रीतीप्रमाणे गाडीमागे पाणी ओतलं. ओतलं कसलं, भांडंभर भिरकावलं, थेट मागच्या काचेवर. टॅक्सी जागीच थबकली, विचारात पडली, मग गल्लीला वळसा घालून तिनं मला पुन्हा दारात आणून उतरवलं. शुशान म्हणाली, "बघा, पाण्याला गुण आहे." दुसऱ्या खेपेला पाण्याविनाच निघालो, जीव मुठीत धरून.

पण आक्का, ती गाडी आवाजच करत नाही गं. आपली जुनी गाडी कोपऱ्यावर धडधडली की झाबेल कॉफी चुलीवर ठेवायची. काल थडग्यापाशी उतरलो आणि वाटलं, मी आल्याचं तिला कळलंच नसेल. दोनदा खाकरलो. मग तिथेच बसून रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

तुझा,
अर्शावीर

ता. क. तुझं लायसन्स अजून शाबूत आहे, आणि माणूस चालवत असेल तर धुराला मनाई नाही. तिच्या वर्षदिनाला ये आणि मला एकदा आपल्या गाडीतून तिच्याकडे ने.

पुन्हा ता. क. गाडी मी परवाच विकली. हे आधी लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग माझं तिथे काय काम? घरात मला रागवायला कुणी उरलेलं नाही, आक्का. तू ये.